वाघ धरला की पाठवतो

आमच्या कॉलेजच्या मुलींच्या क्रॉस कंट्री संघात मी चौथी होते. चौघींच्या संघात चौथी. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाचा गैरसमज व्हायला नको. नियमाने संघ सहा जणींचा असतो आणि त्यातल्या पहिल्या चौघींचे क्रमांक मोजतात. ज्यांची बेरीज कमी, तो संघ जिंकतो. आम्हाला सहा जणी कधी मिळाल्याच नाहीत. त्यामुळे एकही कमी पडली की संघच नाही. बाकीच्या तिघी कितीही जोरात पळोत, माझ्यासारखी रडतखडत येणारी पोहोचेपर्यंत त्यांना थांबावंच लागायचं. आयुष्यात माझी एवढी वाट परत कुणी बघितली नाही.

पहिली असायची ती माझी मैत्रीण. आमच्या घरामागे शेजाऱ्यांचा ऊस आणि उसापलीकडे तिची वस्ती. आई-वडील चाकणला कंपनीत, म्हणून ती चुलता-चुलतीकडे राहून शिकत होती. पळताना ती कधी धापा टाकताना दिसली नाही. मागच्या वर्षी कॉलेजा-कॉलेजांच्या शर्यतीत ती सातवी आली होती. पहिल्या सहा जणींना विद्यापीठाच्या संघात घेतात, आणि ही सातवी. परतीच्या गाडीत संगमनेर येईपर्यंत ती बुटांच्या नाड्या सोडत-बांधत बसली. उतरताना एवढंच म्हणाली, "पुढच्या वर्साला." पुढचं वर्ष आमचं कॉलेजचं शेवटचं होतं. त्यानंतर पुढचं वर्ष असं काही नव्हतंच.

दुसरी आणि तिसरी या दोघी चुलत बहिणी, आमच्याच गावातल्या. त्या पाणी प्यायलासुद्धा एकत्र जायच्या, त्यामुळे त्यांना एकच धरलं तरी चालेल.

पहाटे आम्ही कालव्याच्या कडेच्या कच्च्या रस्त्याने पळायचो. खेळाच्या मॅडम संगमनेरहून स्कूटीवर यायच्या, कानाला स्कार्फ घट्ट बांधून. शिट्टी असायची, पण ती त्या क्वचितच वाजवायच्या, कारण वाजवली की वस्तीवरची सगळी कुत्री गोळा व्हायची. त्या वर्षी मॅडमही हट्टाला पेटल्या होत्या. दरवर्षी जिंकणाऱ्या कॉलेजच्या जुन्या मुली पास होऊन गेल्या होत्या आणि आमच्या चौघी शाबूत होत्या. "या वर्षी नाही तर कधीच नाही," असं त्या म्हणायच्या. मला तेव्हा ते उत्तेजन वाटायचं.

आता परवानगीचं सांगते, कारण सगळं तिथेच अडलं. आमच्यापैकी एकीच्याही घरी सरळ "जा" असं कुणी म्हटलं नव्हतं. माझी आई म्हणाली होती, "वस्तीवरची येत असंल तर जा." वस्तीवरच्या मैत्रिणीची चुलती म्हणाली होती, "गावातल्या त्या दोघी हायेत ना? मग जा." आणि त्या दोघींचे आजोबा म्हणाले होते, "चौघीजनी हायेत तर जाऊ द्या, येकटी-दुकटी न्हाई." कॉलेजच्या स्टँडवर सायकली एकमेकींवर टेकवून लावलेल्या असतात, तशा आमच्या परवानग्या होत्या. उभ्या दिसायच्या, पण एकीलाही स्वतःचा स्टँड नव्हता.

दिवाळी झाली आणि वाघ आला. आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात. आधी एक कुत्रं गेलं, मग गोठ्यातलं वासरू. मग गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी बांधावरून जाणाऱ्या वाघाचा व्हिडिओ टाकला. तो आमच्याच गावचा होता की कुठला, हे कुणी विचारलं नाही. ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून सांगितलं की अंधारात बायका-मुलांनी बाहेर पडू नये. पुरुषांनी पडावं की नाही यावर भोंगा काही बोलला नाही.

त्याच दिवशी आमची प्रॅक्टिस बंद झाली. मॅडम घरोघर गेल्या, मलाही बरोबर नेलं. आजोबांनी चहा पाजला, मॅडमचं गाव विचारलं, सासर विचारलं आणि म्हणाले, "पोरी गुनाच्या हायेत मॅडम, आमचं काय म्हननं न्हाई. पन वाघ हाय. वाघ धरला की पाठवतो." चुलतीनेही तेच सांगितलं, माझ्या आईनेही तेच. सगळ्यांनी इतक्या समजुतीने सांगितलं की मॅडमना उलट बोलायला जागाच राहिली नाही. आणि खरं सांगायचं तर मलाही ते पटलं होतं. वाघ काही कुणी मुद्दाम आणला नव्हता.

मग आम्ही वाघ धरला जाण्याची वाट बघत बसलो. दुपारी कॉलेजच्या ग्राउंडवर पळायचा प्रयत्न केला, पण तिथे मुलांचं क्रिकेट चालायचं आणि आमची एसटी लवकर सुटायची. मॅडम म्हणाल्या, घरी जमेल तेवढं करा. मी गच्चीच्या जिन्यावरून वर-खाली पळायचे, तर आई म्हणाली जिना हलतोय. मैत्रीण तिच्या गोठ्याभोवती फेऱ्या मारायची. गाई आधी दचकायच्या, मग त्यांनाही सवय झाली. शर्यत दहा किलोमीटरची, चढ-उताराची, आणि आमची तयारी जिन्यावर आणि गोठ्याभोवती चालली होती. आता आठवलं की हसू येतं. तेव्हा मात्र आम्ही फेऱ्या मोजून एकमेकींना सांगायचो.

वनखात्याच्या लोकांनी उसाच्या कडेला पिंजरा लावला होता. त्याच्या मागच्या कप्प्यात आमिष म्हणून कोंबडी ठेवतात. मधे जाळी असते, म्हणजे कोंबडी वाचते आणि वाघ अडकतो. कॉलेजला जाता-येता आम्ही पिंजऱ्यात डोकावायचो. एकदा बघितलं तर कप्पा रिकामा. दुसऱ्या दिवशीही रिकामा, तिसऱ्या दिवशीही. मैत्रिणीचा संयम सुटला. तिने घरची कोंबडी ओढणीखाली झाकून आणली आणि पिंजऱ्यापाशी आलेल्या वनखात्याच्या माणसाच्या हातात दिली. म्हणाली, "काका, ही ठेवा. पन लवकर धरा." तो माणूस हसला आणि त्याने कोंबडी आत ठेवली. घरी कळल्यावर चुलतीने तिला सोलून काढली. "अंडी देनारी कोंबडी वाघाला वाढली गं बया!" हे तिचं ओरडणं आम्हाला उसाच्या अलीकडे ऐकू आलं.

आणि वाघ खरंच सापडला. एका सकाळी सगळं गाव पिंजऱ्याभोवती. पोरं मोबाईल उंच धरून फोटो काढत होती, कुणी काठीने पिंजरा ठोकत होतं. वाघ अगदी कोपऱ्यात अंग चोरून बसला होता. कोंबडी जिवंत होती, फक्त एकदम गप्प. मैत्रिणीने गर्दीतून वाट काढत वनखात्याच्या त्या माणसाला गाठलं आणि विचारलं, "आता ह्याला कुठं नेनार?"

"लांब नेऊन सोडत्यात," तो म्हणाला.

तिने माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली. शर्यतीला अजून पंधरवडा होता. पंधरवडा पुष्कळ झाला, असा आम्ही हिशेब केला. ती कोंबडी काखेत मारून वस्तीकडे निघाली आणि मी गावाकडे पळत सुटले. पळतच, कारण आता पळायला हरकत नव्हती.

आजोबा ओट्यावर बसले होते. मी म्हटलं, "बाबा, वाघ धरला."

"बघितला की. लई मोठा हाय."

"मग उद्यापासून त्या दोघींना पाठवता ना?"

त्यांनी बराच वेळ तंबाखू मळली. मग म्हणाले, "एक धरला बाई. उसात अजून किती असत्याल, कुनाला ठावं?" मी म्हटलं, ऊस तर तोडायला आलाय, टोळी उतरलीसुद्धा. तर म्हणाले, "आता थोड्या दिवसांसाठी कशाला? पोरींनी सकाळची धार अंगावर घेतलीय. गडी बी काढला आमी." आत त्या दोघी दिसत होत्या. एक पातेलं घासत होती आणि दुसरी ते धूत होती. एकीने माझ्याकडे बघितलं आणि खाली मान घातली. मी ओट्याच्या पायरीवर टेकले.

तिथे मला पहिल्यांदा कळलं. आमची समजूत होती की अडचण वाघाची आहे. वाघ फक्त निमित्ताला आला होता. तो होता तेवढ्या दिवसांत घरांनी बघितलं की मुली पहाटे घरात असल्या की बरं पडतं. दूध निघतं, डबे वेळेवर होतात, जिवाला घोर नाही. जे एकदा बरं पडलं, ते परत कोण सोडतंय?

दोघी गेल्या म्हणजे संघ गेला. मॅडमना फोनवर सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "तुम्ही दोघी तरी चला. संघ नसला तरी तिला एकटीला पळता येईल. पहिल्या सहांत आली तर निवड होईल तिची." म्हणजे आता माझ्या पळण्याला काही अर्थ उरला नव्हता. मी फक्त तिच्याबरोबर जाणारी होते. मला त्याचं काही वाटलं नाही. उलट मी मनाशी ठरवलं, हिला त्या रेषेपर्यंत नेऊन उभी करायची, मग मी शेवटची येईन नाहीतर बाजूला बसेन.

पण दोन सायकली एकमेकींवर टेकून कितीशा उभ्या राहणार? तिची चुलती म्हणत होती, "तुझी मैत्रीन जाती का? मग बघू." माझी आई म्हणत होती, "ती जाती का आधी? मग बघू." शेवटी आम्ही कॉलेजात ठरवलं की दोघींनी घरी एकाच वेळी सांगायचं, दुसरीचं पक्कं आहे. खोटं होतं, पण दोघींनी एकदम बोललं की खरं होणार होतं.

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी मी आईला तसं सांगितलं. ती लगेच म्हणाली, "मग जा की." एवढं सोपं होतं. मी बूट धुवून पुसून ठेवले. मग आई म्हणाली, "थांब, तिच्या चुलतीला फोन लावते. येताना कोन आनायला येईल ते ठरवू." तिच्या मनात खरंच दुसरं काही नव्हतं. हात पिठाचे होते म्हणून मला फोन स्पीकरवर लावायला सांगितला. मीच लावला.

"तुमची जाती म्हनं उद्या पळायला?" आईने विचारलं.

"तुमची जाती म्हनूनच मी व्हय म्हटलं," चुलती म्हणाली. "तुमचं पक्कं हाय ना?"

"आमचं कसलं पक्कं? तुमची जाती म्हनून."

वडिलांनी टीव्हीचा आवाज वाढवला. घरात काही निर्णय व्हायची वेळ आली की ते नेहमी आवाज वाढवायचे.

"मग कसं करायचं?" चुलती म्हणाली.

"तुमी म्हनाल तसं."

"न्हाई, तुमीच सांगा."

"दोघीच पोरी, दिवसभर भाईर. मॅडम हायेत म्हना, पन..."

"व्हय, मी बी तेच म्हनते."

मी ओरडले, "मी जातेय! तिला पाठवा तुम्ही!"

"वरडू नगं, ऐकू जातंय त्यांना," आई म्हणाली. पलीकडून चुलती हसली. "लई हट्टी हाय हो पोरगी तुमची. आमची बी तशीच."

"मग राहू द्या."

"राहू द्या मग."

आणि आईने विचारलं, "ती कोंबडी द्याया लागली का अंडी?"

"कालपासून लागली," चुलती म्हणाली.

मी त्या रात्री आईशी भांडले. जेवले नाही, बूट अंगणात फेकून दिले. आईने ते उचलून आणले, झाडले आणि जागेवर ठेवले. मग म्हणाली, "तू पहाटं गेलीस की तू येईस्तवर माझा डोळा लागत न्हाई. किती वर्सांनी मी ह्या महिन्यात धड झोपले." रागावता येईल असं कुणी असतं तर बरं झालं असतं. आमच्या आड कुणीच आलं नव्हतं. सगळ्यांनी आमचं भलंच चिंतलं होतं.

आता मी शहरात, सावेडीत राहते. पहाटे बायका ट्रॅकसूट घालून चालायला जातात आणि मलाही बोलावतात. मी गुडघ्याचं कारण सांगते.

त्या वर्षी शर्यतीच्या दिवशी सवयीने मला पहाटे जाग आली. मॅडमनी ठरवलेली गाडी कॉलेजच्या गेटवर उभी असेल, आमच्यासाठी थोडी थांबेल, मग जाईल, हे सगळं दिसत होतं. मी मागच्या दारी गेले. शेजाऱ्यांचा ऊस तुटून गेला होता. जमिनीवर नुसतं पाचट पडलेलं, आणि त्यापलीकडे तिची वस्ती सरळ दिसत होती. इतकी जवळ आहे हे मला माहीतच नव्हतं. गोठ्यावरचा दिवा चालू होता.

ती पळत होती. गोठ्याभोवती. दिव्याखाली यायची, अंधारात जायची, परत यायची. वेग मुळीच कमी नव्हता. मी हात वर केला, पण मी उभी होते तिथे उजेड नव्हता. मधे ना ऊस होता ना वाघ, तरी मला हाक मारता आली नाही. बघत उभी राहिले. मग चुलतीने तिला आतून बोलावलं आणि ती थांबली. गुडघ्यांवर हात टेकून ती वाकून उभी राहिली, शर्यत संपल्यावर राहतात तशी. मग आत गेली.