सापांच्या कागदाचे सर

"हा साप न्हाई, नाडा हाय."

चष्मा कपाळावर चढवायचा, नाक कागदाला टेकेल इतकं खाली न्यायचं, आणि एवढं एक वाक्य बोलून कागद उलटा ठेवायचा, ही सरांची रीत. आमच्या प्रेसच्या आर्टिस्टनं त्यांना खूश करायला मोठ्या हौसेनं एक नाग काढला होता. त्याचा असा निकाल लागला. बिचाऱ्यानं पुढं कितीतरी दिवस कलश आणि तोरणांखेरीज कशाला हात लावला नाही.

सर जाफराबादजवळच्या टेंभुर्णीला शाळेत चित्रकला शिकवायचे. आमची प्रेस नवीन जालन्यात, स्टेशनच्या रस्त्याला. सासऱ्यांनी काढलेली. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, बियाण्यांच्या पिशव्यांची लेबलं, असला सगळा आमचा धंदा. आमचे मालक ऑर्डरी आणायला हिंडायचे आणि मी टेबलावर प्रुफं तपासत बसायची. पंच्याऐंशी-शहाऐंशीची गोष्ट असेल. एक दिवस खांद्याला कापडी पिशवी लावलेला एक उंच गृहस्थ एसटीतून उतरून सरळ आत आला आणि त्यानं माझ्या टेबलावर घोणस ठेवली.

मी अशी किंचाळले, की शेजारचा पानवाला धावत आला.

"घाबरू नका ताई," सर म्हणाले, "शाईची हाय."

आता मला सापाची भीती किती? पायात दोरी आली तरी मी हातभर उडते. आणि माझ्याच नशिबी सरांच्या सापाबेडकांच्या पुस्तकाची प्रुफं! मी चित्रावर कागदाची पट्टी ठेवून फक्त खालचा मजकूर वाचायची. सर येऊन गुपचूप पट्टी सरकवायचे. "तोंड झाकून कुणाची वळख होती का, ताई? बराबर पाहा. ह्या कवड्या सापाचे पट्टे मानेपासून सुरू होतात, हा बिनविषारी. मण्यारचे मागून सुरू होतात अन् जोडीजोडीनं जातात. एवढं ध्यानात ठेवा, बास." कुणी आलं की आधी पट्टे, मग रामराम. असली माणसं तुम्हीही पाहिली असतील; त्यांच्याशी हवापाण्याचं बोलताच येत नाही.

बेडकांवर तर त्यांचा जीव. पुढच्या पायाला चार बोटं, मागच्या पायाला पाच. एक जरी कमी-जास्त झालं तरी चित्राचा ठसा, म्हणजे ब्लॉक, औरंगाबादला परत. हे ब्लॉक आमचे कंपोझिटर चाचा गणपतीच्या आणि वेलबुट्टीच्या ब्लॉकांसोबत एकाच खणात ठेवायचे. मग व्हायचं ते झालं. एका लग्नपत्रिकेच्या प्रुफात, 'आमच्या काकाच्या लग्नाला नक्की या' ह्या ओळीखाली फुलाच्या जागी बेडूक! चाचा कपाळाला हात लावून म्हणाले, "भाभी, ये तो बिन बुलाया बाराती आ गया." मी संतापले. सरांनी मात्र प्रूफ हातात घेतलं, चष्मा वर केला आणि हळहळत म्हणाले, "उलटा छापला की हो त्याला!"

हे वेड त्यांना लागलं कसं, ते मी एकदा विचारलं. तेव्हा त्यांचा आवाज पडला. त्यांच्या शेजारच्या घरातली सून, नवीन लग्न झालेली. रात्री पायाला काहीतरी लागलं म्हणाली. सूज नाही, रक्त नाही. उंदीर असेल, म्हणून घरच्यांनी हळद दाबली आणि सगळे झोपले. सकाळी पोरगी उठली नाही. मण्यार चावला की दुखत नाही, सुजत नाही, माणूस झोपेतच जातो. तो घरातच कणगीमागं सापडला, पण तेव्हा काय उपयोग?

"आधल्या सांजंला त्यांनी त्याला अंगणात पाह्यलं होतं, ताई. बिनविषारी हाय म्हणून सोडून दिलं. अन् मी, चित्र काढता येणारा माणूस, भिंतीपल्याड राह्यलो. त्यांच्या घरात एक चित्र असतं तर पोरगी वाचली असती." पुढं म्हणाले, "मला दुसरं काही नको. हरेक घराच्या भिंतीवर हा साप पाहिजे."

पुस्तक छापून झालं. देखणं झालं, मी स्वतः सांगते. पण घेईना कुणी! आपल्याकडं दिवेलागणीनंतर सापाचं नावसुद्धा काढत नाहीत, लांबडं म्हणतात. चावला म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. अशा घरात सापांचं अख्खं पुस्तक कोण नेणार? एकानं नेलं आणि दोन दिवसांनी आईला घेऊन परत करायला आला. म्हातारी प्रेसच्या पायरीवरूनच कडाडली, "तुमच्या ह्या पोथीपायी आमच्या गोठ्यात जनावर निघालं!"

सर टुणकन उठले. "कोणतं होतं, आजी? पट्टे होते का?"

म्हातारीनं पुस्तक त्यांच्या अंगावर फेकलं. गठ्ठे आमच्या माळ्यावर गेले. सर हसायचे, पण येणं कमी झालं. आले तरी माळ्याकडं बघायचे नाहीत. मला वाईट वाटायचं. एवढं मन लावून कुणी काम करावं आणि ते उंदरांनी वाचावं!

मग एका श्रावणात ते तणतणत आले. पिशवी आपटली. "ताई, बिलकुल हद्द झाली. नागपंचमीला एका घरी गेल्तो. बघतो तर मीच फुकट दिलेल्या पुस्तकातलं नागाचं पान फाडून भिंतीला डकवलेलं! त्याला लाह्या, दूध, दूर्वा, सगळं काही. अन् कुंकू कुठं? बराबर फण्यावरच्या खुणंवर. मी आठ दिवस बसून काढलेली खूण!"

मला हसू आवरेना. ते अजून चिडले.

"हसता काय? पुस्तक फाडलं माझं."

"सर," मी म्हटलं, "तुम्ही शिकलेले, पण अक्कल गहाण ठेवलीत का हो? ज्या पानाला कुंकू लागलं ते पान भिंतीवरून काढायची कुणाची छाती आहे? पुढच्या श्रावणापर्यंत तुमचा नाग तिथंच! बाजारात नागोबाचे कागद विकायला येतात ना, तसा कागद काढा. चारी विषारी साप एका कागदावर. बाया आपण होऊन नेतील."

सरांनी आपटलेली पिशवी उचलून खांद्याला लावली. मग म्हणाले, "मी शाळेत विज्ञान सांगून राह्यलो अन् तुम्ही मला पूजा सांगून राह्यल्या. घोणशीला कोण पुजतं? अन् माझे खवले सगळे कुंकवाखाली जातील."

"जाऊ द्या की. तुम्हाला खवले पाहिजेत का भिंत?"

ते तडक निघून गेले. मला वाटलं, दुखावला माणूस. माझी जीभच मेली तिखट.

पुढच्या आषाढात कागद घेऊन आले. वर नाग, मण्यार, घोणस, फुरसं. मध्ये एक सुबक गोल मोकळा ठेवलेला, हळदीकुंकवासाठी! आम्ही तो छापला आणि जाफराबादच्या बाजारापासून वाटूरपर्यंत नागोबाच्या कागदांसोबत विकायला दिला. हातोहात गेला. चौघं असले तर चौपट पुण्य, असंही बायांनी ठरवून टाकलं. पण मोकळ्या गोलात कुंकू लावतंय कोण? देवाला कपाळ सोडून कुणी टिळा लावतं का? सगळ्यांनी सापांच्या डोक्यांनाच लावलं. सर घरोघर हिंडून बघून आले. मला वाटलं, आता पुन्हा पिशवी आपटणार. पण गडी खुशीत होता. बसल्या बसल्या त्यांनी माझ्या टेबलावरच नवीन कागदाची आखणी केली. चारी डोकी त्याच क्रमानं वरच्या बाजूला एकाशेजारी एक, आणि शरीरं लांबलचक खाली सोडलेली. मण्यारच्या पट्ट्यांच्या जोड्या, घोणशीच्या पाठीवरची साखळी, फुरशाची नागमोडी रेघ, सगळं खाली, कुंकवाच्या हाताबाहेर. नागाचा फणा तेवढा कुंकवाखाली गेला.

"नागाला तर पोरंबी वळखतात," ते म्हणाले. "डोकी बायांना, पाठी मला."

खाली मोठ्या टायपात एकच ओळ होती, 'पान लागलं तर आधी दवाखाना, मग देऊळ.' चाचांनी ती जुळवली आणि म्हणाले, "सर, ये बात पक्की." दुसरा रंग आम्ही घातला नाही. लाल रंग बाया घालणारच होत्या.

तो कागद आम्ही दर श्रावणात छापत आलो. सर गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. पण त्यांची आठवण निघाली की मला प्रेसमधली ती एक दुपार आठवते.

जाफराबादकडची एक बाई आली होती, सोबत तिची तरुण सून. बाईनं पिशवीतून घडी केलेला कागद काढला. वरचा भाग कुंकवानं लालभडक. "असाच दुसरा द्या," म्हणाली. "लेकीच्या घरी द्यायचाय. ह्या कागदानं सून वाचली आमची."

सर कोपऱ्यात खुर्चीवर प्रूफ बघत बसले होते. त्यांनी मान वर केली.

"सून भुईवर निजल्ती," बाई सांगू लागली. "पायाला कायतरी लागलं म्हणली. सूज न्हाई, काही न्हाई. मालक म्हणले, उंदीर असंल, निजा. पर मला भिंतीकडनं काळं काळं जाताना दिसलं. बत्ती घेतली, त्याचे पट्टे बघितले अन् ह्या कागदाशी ताडून पाह्यले. म्हणलं, हे तर आपलं दुसऱ्या नंबरचं! मंग काय, जीप केली अन् जल्दी इथं सरकारी दवाखान्यात आणली."

मी सरांकडं बोट केलं. "हे चित्र ह्यांनीच काढलंय."

सर उठले नाहीत. "पट्टे मानेपासून होते का मागून?" त्यांनी विचारलं.

"मागून."

"जोडीचे?"

"जोडीजोडीचे. कागदावर हायेत तसेच."

सरांनी शाळेतल्यासारखी मान हलवली. चाचा खिळे जुळवायचे थांबले. मला तर रडूच फुटलं, सांगायला लाज कसली? ती पोरगी पुढं झाली, पदर डोक्यावर घेतला आणि वाकली. सरांनी दोन्ही पाय झटकन खुर्चीवर ओढून घेतले.

"पाया पडू नको बाई," ते म्हणाले. "भुईवर निजू नको. खाटंवर नीज."