बायकोच्या परीक्षेची तारीख

आमच्या कन्सल्टिंगच्या धंद्यात अहवाल लिहिणारा एक असतो आणि त्यावर सही करणारा दुसरा. आठ वर्षं मी लिहिणारा होतो. साताऱ्याकडच्या खंडाळ्याच्या बाजूच्या कारखान्यांत हेल्मेट घालून फिरायचं, कुठं माल वाया जातोय, कुठलं मशीन उगाच चालू राहतंय ते टिपून घ्यायचं, साताऱ्याला घरी येऊन सगळं टाइप करायचं आणि पुण्याच्या ऑफिसातल्या, माझ्याहून चार वर्षांनी लहान पोरानं त्यावर सही ठोकायची. का, तर त्याच्या नावापुढं तीन अक्षरं होती. माझ्याकडं साधं बी.कॉम. आणि तोंडाची वाफ. एकदा साहेब म्हणाले, "तुमचं काम चांगलंय हो, पण क्लायंटपुढं नेऊन बसवायचं तर काहीतरी पास व्हा." तोंडात मारल्यासारखं झालं. पण बोलले ते खरंच होतं.

मग काय पास व्हायचं, यावर घरात पंधरा दिवस माझं पारायण. सीए करावं तर उमेदवारीची वर्षं कुठून काढणार, पदरात तीन वर्षांची पोर. गुंतवणुकीची एक परदेशी परीक्षा होती. तिचं नुसतं नाव घेतलं तरी माझी छाती फुगायची, आणि सगळा ओढा तिकडंच. रोज एक व्हिडिओ बघायचो आणि जेवताना बायकोला ऐकवायचो.

बायको माधवनगरची. लग्नाआधीच तिनं कॉस्ट अकाउंटन्सी धरलेली. शेवटच्या परीक्षेचा एक ग्रुप तेवढा राहिलेला, म्हणजे चार पेपर. लग्न झालं, मग बाळंतपण, त्यात तो मागं पडला. तिच्या या कोर्सबद्दल मी मित्रांत काय बोलायचो ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. "सीए जमलं नाही की माणसं कॉस्टला जातात," असं म्हणायचो. एकदा तिच्यासमोरसुद्धा म्हणालो. ती हसली आणि ताटं उचलून आत गेली.

तर त्या पंधरा दिवसांनी, लसूण सोलता सोलता ती म्हणाली, "तुमचे क्लायंट कोण ओ? फौंड्रीवाले, डेअरीवाले, साखर कारखाने. त्यांना शेअर बाजाराचं काय ऐकवणार तुम्ही? एक पोतं साखर काढायला नक्की काय पडतं, हे सांगणारा माणूस त्यांना पाहिजे. आठ वर्षं तुम्ही तेच करताय की. फक्त तुमच्याकडं कागद नाही."

दोन मिनिटांत विषय मिटला. ज्या कोर्सला मी नाक मुरडत होतो त्याचाच फॉर्म मी भरला, आणि वर ऑफिसात सांगितलं की फार विचार करून निर्णय घेतलाय.

शिकवायचीसुद्धा तीच. सकाळी पोर उठायच्या आत दीड तास. ठरवलेला खर्च आणि झालेला खर्च यांतली तफावत माझ्या डोक्यात काही केल्या शिरेना. ती म्हणाली, "दहा भाकरीचं पीठ घेतलं आणि आठच झाल्या. आता दोन कुठं गेल्या? पीठच कमी घेतलं होतं, का मी भाकरी जाड थापली? तेवढंच शोधायचं असतं." पुस्तकाची चाळीस पानं वाचून जे कळलं नव्हतं ते कळलं. तिचा स्वतःचा ग्रुप ती जूनमध्ये देणार होती. आधी माझं मार्गाला लागू दे म्हणाली.

आता मूळ गोष्ट. बाळंतपणाला ती माहेरी होती तेव्हा तिचा मोबाइल बिघडला होता, म्हणून तिच्या परीक्षेच्या खात्यावर मी माझा ईमेल घातला होता. तो तसाच राहून गेला. एका दुपारी खंडाळ्याच्या कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये चहा पीत होतो आणि तिच्या नावची मेल आली. जुन्या अभ्यासक्रमाची ही शेवटची परीक्षा. फॉर्म भरायला एकवीस दिवस. पुढच्या वेळेपासून नवा अभ्यासक्रम, नवे पेपर. आणि ही परीक्षा म्हणजे डिसेंबरची, माझी पहिली परीक्षा होती तीच.

संध्याकाळी सांगू, म्हटलं. संध्याकाळी पोर किरकिर करत होती, म्हटलं उद्या सांगू. उद्याचं परवा झालं. मनाशी कारण तयार होतं: दोघंही परीक्षेला बसलो तर पोरीकडं कोण बघणार? कारण म्हणून ते चांगलंच होतं. कुणालाही सांगितलं असतं तर पटलं असतं. पण सासूबाई एका फोनवर आठवडाभर येऊन राहिल्या असत्या, हे मला माहीत होतं. खरं कारण वेगळं होतं. ती बसली असती तर ती पास झाली असती, आणि मी बहुतेक नापास झालो असतो. घरात तीन अक्षरं आधी तिच्या नावापुढं लागली असती. ते मला सोसलं नसतं. एवढा कोता माणूस मी आहे, हे मला त्या एकवीस दिवसांत कळलं, आणि कळूनही मी गप्प बसलो.

फॉर्मची तारीख गेली. आठ दिवसांनी तिच्या कोर्सच्या मैत्रिणीचा फोन आला. ती फोन ठेवून बाहेर आली तेव्हा चेहरा पांढरा पडला होता. "अहो, परीक्षेची काही मेल आली होती का?"

अजूनही वेळ होता. "हो, आली होती, माझ्याकडून राहिलं," एवढं जरी म्हणालो असतो तरी अर्धं पाप कमी झालं असतं. मी काय म्हणालो? "अगं, सांगितलं होतं की तुला. तू पोरीला भरवत होतीस. हं म्हणालीस."

किती सहज तोंडातून निघालं! वर पोरीला भरवण्याचा तपशील घालायची अक्कलसुद्धा सुचली. ती दारात उभी राहून आठवत राहिली. मग म्हणाली, "म्हटलं असेन. माझं डोकंच ठिकाणावर नसतं हल्ली."

डिसेंबरात मी परीक्षा दिली. त्यानंतरच्या रविवारी आम्ही माधवनगरला गेलो. सासरे मिलमधले कामगार. मिल बंद पडल्यावर सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या गोदामावर राबले, पण पोरीचं शिक्षण थांबवलं नाही. पोरगी शेवटच्या परीक्षेला हाय, हे त्यांनी गल्लीत सगळ्यांना सांगून ठेवलेलं. जेवायला बसलो आणि त्यांनी विचारलं, "काय गं, तुझ्या परीक्षेचं कुठवर आलं?"

तिनं सांगितलं. तारीख गेली म्हणाली. "यांनी सांगितलं होतं, बाबा. माझ्याच ध्यानात राहिलं नाही."

म्हाताऱ्याचा घास हातातच राहिला. पोरीवर असं भडकलेलं मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. "ध्यानात न्हाई? सा वरसं कशापायी घासलीस मग?" ती खाली मान घालून वाढत होती. आणि मग ते माझ्याकडं वळले. खरकटा हात बाजूला ठेवून, दुसरा हात कपाळाला लावून म्हणाले, "पाव्हणं, तुमी एवढं ध्यान ठिवून सांगितलंसा, आनि हिनं माती केली. आमचीच पोर येंधळी निघाली. मनाला लावून घिऊ नगा."

जावयाची माफी मागत होते. आमच्याकडं पोरीचं काही चुकलं की बाप जावयापुढं वाकतो, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मी काय करावं? "असू दे ओ, होतं असं," म्हणालो. मोठ्या मनाचा माणूस! सासूबाईंनी माझ्या वाटीत आणखी खीर वाढली आणि मी ती खाल्ली.

पुढं मी पास झालो. एकदम नाही, दोनदा आपटून, पण झालो. आता अहवालावर माझी सही असते. माधवनगरला सासऱ्यांनी मला फेटा बांधला, नारळ दिला. तिनं नवा अभ्यासक्रम उघडून बघितला, पेपर वाढले होते, आणि तिनं पुस्तक मिटलं. म्हणाली, "नको. मी पुन्हा काहीतरी विसरून बसायची." गॅस बंद केला का, हे ती दोनदा बघायला लागली. कॅलेंडरवर सगळं लिहायला लागली, दूधवाल्याचे खाडेसुद्धा आणि पोरीच्या वह्यांची यादीसुद्धा. आणि काही महत्त्वाचं असलं की, "तुम्ही लक्षात ठेवा हं, माझा भरवसा नाही." जी बाई मला तफावती तोंडपाठ शिकवत होती, ती! गेल्या वर्षी सासरे गेले.

मागच्या शनिवारी दुपारी पोरीनं शाळेच्या सहलीचा कागद आणला. बायकोनं हात पुढं केला तर पोर म्हणाली, "तुला नको. तू विसरतेस. बाबांना देते." नऊ वर्षांची पोर. बायको हसली आणि म्हणाली, "हो गं बाई, बाबांनाच दे." कागद माझ्या हातात आला. पोर खेळायला खाली गेल्यावर मी सगळं सांगितलं. कॅन्टीनमधली मेल, एकवीस दिवस, सगळं.

तिनं माझ्या हातातला सहलीचा कागद घेतला. मग म्हणाली, "म्हणजे मी हं म्हणालेच नव्हते?"

"नाही. मी सांगितलंच नव्हतं."

मला वाटलं, परीक्षेवरून बोलेल, वर्षं वाया घालवली म्हणून भांडेल. मी त्याची तयारीही केली होती. ती म्हणाली, "बाबांनी माफी मागितली तुमची. भरल्या ताटावर. आणि तुम्ही खीर खाल्लीत."

मी मान खाली घातली.

"बाबा मला वेंधळी समजूनच गेले ओ. आता त्यांना कोण सांगणार?"

ती उठली, तिचा मोबाइल घेऊन आली, नंबर लावला आणि फोन माझ्या हातात दिला. "बाबा नाहीत. आई आहे. आईला सांगा. मला सांगितलं तस्संच सांगा."

मला म्हणायचं होतं की फोनवर कशाला, आपण जाऊन सांगू, उद्याच जाऊ. पण घंटी वाजत होती आणि ती माझ्यासमोर उभी होती. पलीकडून फोन उचलला गेला. माझा आवाज ऐकून सासूबाईंना केवढा आनंद झाला! "व्हय का, पाव्हणं? बोला की. आज कशी काय आठवन काढलीसा?"