पडद्यावर तिचं वाक्य

माझ्या मेहुणीनं मला जे सांगितलं, ते तिनं सख्ख्या बहिणीलाही सांगितलं नव्हतं. बहीण म्हणजे माझी बायको. ती रागावली असती, आई रडली असती. मी नुसतं ऐकून घेईन, असं तिला वाटलं आणि मी ऐकूनही घेतलं. पुढे जे झालं, ते त्या ऐकण्यामुळेच झालं.

मी सोलापुरात कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतो. हौशी मंडळींसाठी एकांकिका लिहितो. मेहुणी माझ्याहून बरीच लहान. शाळांचे गणवेश शिवायचा सासऱ्यांचा छोटा कारखाना त्यांच्यामागे तिनंच सांभाळला. लग्नाचं राहून गेलं. कारखान्यात दोरे-बटणांचे नमुने घेऊन एक माणूस यायचा. बोलायला गोड, दिसायला नीटनेटका. घटस्फोट झालाय असं सांगायचा. सासूबाई अक्कलकोटकडच्या, घरात कन्नड बोलतात, म्हणून त्यानं चार वाक्यं कन्नडही शिकून घेतली. दारात आला की आधी त्यांना विचारायचा, "ऊटा आतेन, अव्वा?" जेवण झालं का. एवढ्यावर सासूबाई विरघळल्या. खरं सांगायचं तर मलाही तो आवडला होता. आमच्या घरी येऊन शेंगाचटणी आणि कडक भाकरी खाऊन गेला आणि जाताना माझी एक जुनी एकांकिका वाचायला मागून घेतली.

दीडएक वर्ष त्या दोघांचं हे चाललं. मग एके दिवशी वैरागहून त्याच्या बायकोचा फोन आला. घटस्फोट वगैरे काही झालेला नव्हता. मुलं होती. शिवाय बार्शीलाही कुणीतरी होती, असं त्याच बाईनं शांतपणे सांगितलं. त्यानंतर तो सोलापुरात दिसला नाही.

घरातल्या प्रत्येकानं मेहुणीला एकच विचारलं. तुला कळलं कसं नाही? ती सगळ्यांना म्हणाली, नाही कळलं.

मला मात्र तिनं खरं सांगितलं. एका रविवारी दुपारी बायको सासूबाईंना घेऊन दवाखान्यात गेली होती. मेहुणी डबा द्यायला आली आणि स्वयंपाकघरातच बसली. म्हणाली, "दाजी, मला कळलं होतं."

एप्रिलमध्ये ती स्टँडजवळ पार्सल सोडवायला गेली असताना त्याचा फोन आला. मी लातूरला आहे, म्हणाला. आणि तो रस्त्याच्या पलीकडे उभा होता. उघड्या डोक्यानं, भर उन्हात, फोन कानाला लावून.

"मग तू काय म्हणालीस?"

"मी म्हणाले, लातूरला ऊन लई असेल की. सावलीत उभे राहा."

"आणि?"

"आणि तो सरकला, दाजी. तिथल्या पानटपरीच्या छपराखाली जाऊन उभा राहिला." ती थोडं हसली. "मला इतकं बरं वाटलं, तो सावलीत गेला म्हणून. घरी आल्यावर कळलं, आपण काय केलं ते. पण त्यानंतरही मी त्याला भेटत राहिलेच."

तिनं डोळे पुसले, डबा धुऊन ठेवला आणि म्हणाली, "अक्काला नका सांगू." मी म्हणालो, नाही सांगणार. आणि तसं पाहिलं तर मी अक्काला सांगितलं नाहीच.

दोनेक वर्षांनी माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. तो सिनेमाच्या धंद्यात धडपडत होता आणि त्याला कुणीतरी निर्माता मिळाला होता. सोलापुरातच चित्रीकरण करायचं, हलकाफुलका विनोदी सिनेमा. नायक असा की तीन गावांत तीन मुलींना पटवतो, प्रत्येकीला वेगळा धंदा सांगतो. शेवटी एका मंगल कार्यालयात तिघी समोरासमोर येतात आणि त्याचं बिंग फुटतं. संवाद मी लिहावेत, अशी त्याची इच्छा होती. मी खूश झालो. इतकी वर्षं स्पर्धेच्या एकांकिका लिहिल्या, आता पडद्यावर नाव येणार होतं.

नायक मला पटकन जमला. त्याला कन्नड बोलायला लावलं, तेव्हाही मनात फारसं काही आलं नाही. असा माणूस प्रत्येकानं पाहिलेला असतो, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण तिसरी मुलगी, जिच्यावर तो शेवटी खरंच प्रेम करायला लागतो, ती काही उभी राहीना. विद्यार्थी म्हणाला, "सर, ही नुसतीच फसतेय. लोकांना ती आवडायला पाहिजे. तिचा एक तरी सीन असा द्या, की थिएटर तिच्या बाजूनं होईल."

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये एक तास मोकळा होता. मी तो प्रसंग एका बैठकीत लिहिला. लातूरचं नाशिक केलं. गणवेशाच्या कारखान्याचं पार्लर केलं. पानटपरीच्या जागी रसवंती आणली. वाक्य मात्र तसंच ठेवलं, कारण त्याहून चांगलं मला सुचलं नसतं. लिहून झाल्यावर स्वतःशीच मोठ्यानं वाचलं आणि हसलो. शेजारच्या सहकाऱ्यानं विचारलं, काय झालं. मी त्यालाही वाचून दाखवलं. तोही हसला.

सिनेमा मे महिन्यात लागला. पहिल्या खेळाला आमच्या घरच्यांना पास होते. मी बायकोला म्हणालो, "बहिणीला बोलावू नको. गणवेशाचा सीझन आहे, ती कामात असेल." बायकोला यात माझा समजूतदारपणाच दिसला. पण सासूबाईंना जावयाचं नाव पडद्यावर बघायचं होतं आणि त्यांना घेऊन कोण येणार? मेहुणीच आली. कारखाना अर्धा दिवस बंद ठेवून, नवी साडी नेसून. येताना माझ्यासाठी पेढे आणले होते.

आम्ही एका रांगेत बसलो. मी, बायको, सासूबाई आणि त्यांच्यापलीकडे मेहुणी. माझं नाव आलं तेव्हा तिनं वाकून माझ्याकडे बघितलं आणि टाळ्या वाजवल्या.

नायक पहिल्यांदा तिसऱ्या मुलीच्या दारात येतो आणि तिच्या आईला विचारतो, "ऊटा आतेन, अव्वा?" थिएटरात हशा पिकला. सोलापुरात कन्नड कळणारी माणसं भरपूर. सासूबाईही हसल्या. मग थोडं थांबून, त्यांना ऐकू कमी येतं म्हणून जरा मोठ्यानंच, त्या म्हणाल्या, "ह्यो तर त्याच्यावानीच बोलतोय की." पुढच्या रांगेतल्या एकानं मागं वळून पाहिलं. मेहुणी त्यांच्या कानाशी लागून म्हणाली, "आई, सिनेमा बघ."

तो प्रसंग यायला अजून अवकाश होता. मी बाहेर जाऊन उभा राहू शकलो असतो. मी बसून राहिलो. मला भीती वाटत होती आणि, हे लिहायलाही लाज वाटते, पण तिथं लोक हसतात का तेही मला बघायचं होतं.

लोक हसले. नायिकेनं "सावलीत उभे राहा" म्हटलं तेव्हा थोडे, आणि नायक मुकाट्यानं सरकून रसवंतीच्या छपराखाली गेला तेव्हा अख्खं थिएटर. शिट्ट्या पडल्या. बायको हसता हसता माझ्या हातावर चापट मारून म्हणाली, "हे कुठून सुचलं हो तुम्हाला?" मी पलीकडे बघितलं. मेहुणीचं तोंड पडद्याकडेच होतं. पदर तिनं दोन्ही हातांत धरला होता. मी नजर काढून घेतली. बायकोनं माझ्याकडे पाहिलं, मग बहिणीकडे पाहिलं आणि तिचं हसू थांबलं. तिला सगळं त्या एका क्षणात कळलं असावं.

घरी आल्यावर बायकोनं एवढंच विचारलं, "हे तिनं सांगितलं होतं ना तुम्हाला?"

"हो."

"म्हणजे तिला माहीत होतं." ती पलंगावर बसली. "मी तिला किती बोलले, कळलं कसं नाही म्हणून. आणि तिनं तुम्हाला सांगितलं. मला नाही, तुम्हाला." मग उठून कामाला लागली. तिचं ते बोलणं मला रागावण्यापेक्षा जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी मी कारखान्यात गेलो. मशीनी चालू होत्या. मेहुणी कटिंगच्या टेबलाजवळ उभी राहून कॉलर तपासत होती.

"या दाजी. सिनेमा चांगला झालाय."

"मी त्या विद्यार्थ्याला तो प्रसंग काढायला सांगतो."

"आता काय काढता? लोकांनी बघितला की." तिनं एक कॉलर बाजूला टाकली. "शेवटी ती त्याला माफ का करते?"

"तसा सिनेमा आहे म्हणून. लोकांना शेवट गोड लागतो."

"बरं." मग तिनं पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. "एक विचारू? लिहिताना तुम्हाला हसू आलं होतं का?"

मी म्हणालो, "नाही."

ती पुन्हा कॉलरी बघायला लागली. तिनं चहा मागवला. आम्ही पावसाचं आणि शाळांच्या ऑर्डरींचं बोललो. निघाल्यावर मी कारखान्याबाहेरच गाडी बाजूला घेऊन थांबलो, पण परत आत जाऊन खरं सांगायचं धाडस झालं नाही.

विद्यार्थ्याला मी फोन केला. तो अडचणीत पडला. "सर, तोच सीन तर सगळ्यात चाललाय. ट्रेलरमध्येही तोच आहे." कारण काय, ते मी त्याला सांगू शकलो नाही. सांगितलं असतं तर पुन्हा तेच केल्यासारखं झालं असतं. सिनेमा आठवडाभरात थिएटरातून गेला, पण तो प्रसंग मोबाइलवर फिरत राहिला. माझ्या वर्गातली मुलं एकमेकांना म्हणायला लागली, सावलीत उभे राहा. मेहुणीच्या कारखान्यातल्या बायकाही जेवणाच्या सुट्टीत तो लावायच्या. एकीनं तो तिला कौतुकानं दाखवला, म्हणे तुमच्या दाजींचा सिनेमा. तिनं पूर्ण बघितला आणि छान आहे म्हणाली. हे मला बायकोकडून कळलं.

तेव्हा मी पुन्हा गेलो. या वेळी बसलोसुद्धा नाही. म्हणालो, "मी त्या दिवशी खोटं बोललो. लिहिताना मी हसलो होतो. दुसऱ्याला वाचूनही दाखवलं होतं."

"माहितीय," ती म्हणाली. "तुमच्या तोंडावर दिसलं होतं." मग म्हणाली, "त्याच्यापेक्षा तुमचा राग जास्त आला दाजी मला. तो तर तसाच होता."

मी माफी मागितली. असू द्या, असं ती म्हणाली नाही. मशीनवरच्या बाईला हाक मारून काजांचं काहीतरी सांगायला गेली. मी निघालो.

तिनं येणं-जाणं बंद केलं नाही. सणावाराला येते, माझी चौकशी करते, हसून बोलते. पण मला आता ती काही सांगत नाही. सिनेमानंतर वर्षभरानं तिचं लग्न ठरायला लागलं, हेही घरात सर्वांत शेवटी मला समजलं. होटगीला रेल्वेत असलेले गृहस्थ, पहिली बायको आजारपणात गेलेली. ते आमच्या घरी भेटायला येणार होते, त्याच्या आदल्या दिवशी तिनं फोन केला. "दाजी, त्यांना फार काही विचारू नका."

मी नाहीच विचारलं. सगळी दुपार पोह्यांच्या बशा आणून दिल्या, पाणी दिलं, पंखा वाढवला. एरवी पाहुणे आले की मी बोलून बोलून जीव नकोसा करतो. त्या गृहस्थांनी जाताना बायकोला सांगितलं, तुमचे मिस्टर फार कमी बोलतात. मेहुणी चप्पल घालत होती, तिनं ऐकलं असावं.

हे लिहायचं ठरवलं तेव्हा आधी तिला विचारायला गेलो. लग्नाला तेव्हा वर्ष होत आलं होतं. तिनं नवऱ्याला सगळं सांगितलेलं आहे, पानटपरीसकट. म्हणाली, नावं नकोत आणि लिहून झाल्यावर आधी मी वाचणार. मी कागद नेऊन दिले. तिनं ते आठ-दहा दिवस ठेवून घेतले. परत दिले तेव्हा एका परिच्छेदावर आडवी रेघ मारलेली होती. हा नको, म्हणाली.

मी काढला. त्यात काय होतं, हे बायकोनं दोनदा विचारलं. मी सांगितलं नाही.