साळवे काकांचं सातवं प्रकरण

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. मग तुम्हाला का सांगतोय? ओळख नाही म्हणून असेल — ओळखीच्या माणसाच्या तोंडाकडे बघून हे बाहेर पडत नाही.

साळवे काका म्हणजे अण्णांचे, माझ्या वडलांचे, जुने सोबती. दोघं भोसरीच्या एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून भाग काढणाऱ्या कारखान्यात, वीस वर्षं होते. निवृत्तीनंतर काकांनी त्या दिवसांवर पुस्तक लिहिलं, डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतलं आणि पेन ड्राइव्ह माझ्या हातात दिला. मी हिंजवडीला आयटीत, म्हणजे मला सगळं येतं असा त्यांचा समज. त्यांना छापील पुस्तक हवं होतं. मीच म्हणालो — काका, कागदावर आता कोण वाचतं? ई-बुक करू.

आणि मला त्यात भलताच रस आला. पुस्तकात नाही, किमतीत. लेखकाच्या खात्यावर आलेख दिसतो: किती प्रती गेल्या, आणि वाचणाऱ्यांनी किती पानं उलटली. कंपनीची कॅब वाकडच्या ट्रॅफिकमध्ये अडकली की मी किंमत बदलून बघायचो. एकशे नव्व्याण्णवला कोणी फिरकलं नाही. नव्व्याण्णवला दोन गेल्या, एकोणपन्नासला चार. मग पाच दिवस फुकट ठेवलं, तर लोकांची झुंबड. फुकट ते पौष्टिक म्हणतात ना. पण पानांची रेघ तशीच सपाट, अभिप्राय एकही नाही. घेतात आणि उघडत नाहीत — असं का होत असेल? फुकट मिळालं की वाचायची घाई उरत नाही का? मी यावर कॅबमधल्या सहकाऱ्यांशी तासन्‌तास बोलायचो.

आता खरं सांगतो. न उघडणाऱ्यांत मीही होतो. मुखपृष्ठ मी केलं, फाइल मी चढवली, अनुक्रमणिकेची एकेक लिंक तपासली. पुस्तक वाचलं नाही.

काका रविवारी आकुर्डीला आमच्या घरी यायचे. विक्रीचं त्यांनी कधी विचारलं नाही. एकच विचारायचे, "सातवं प्रकरण वाचलंस का? अण्णांना वाचून दाखव तेवढं." अण्णांना मोबाइलवरची अक्षरं लागत नव्हती. मी म्हणायचो, दाखवतो. चौथ्या की पाचव्या वेळी कंटाळून म्हणालो — दाखवलं, काका. आवडलं त्यांना. छान आहे म्हणाले.

एवढंच. वेळ मारून नेली. अशा थापा आपण दिवसाला चार मारतो, नाही का?

काका उठले. आत गेले, पलंगावर अण्णांच्या शेजारी बसले, आणि त्यांचा उजवा हात — दोन बोटं नसलेला — दोन्ही हातांत धरून रडले. अण्णा गोंधळून गेले. नंतर मला विचारलं, "साळव्याला काय झालंय रे?" मी म्हणालो, वय झालं आता त्यांचं.

त्या दिवशी तरी मी उघडायला हवं होतं. नाही उघडलं.

अण्णा पुढच्या वर्षी गेले. त्यानंतर काही महिन्यांनी एका सकाळी आलेख एकदम वर गेलेला दिसला. कोणीतरी अख्खं पुस्तक वाचलं होतं. कोण असेल? आणि त्यात असं काय सापडलं त्याला? निव्वळ त्या कुतूहलापोटी, ऑफिसच्या कँटीनमध्ये, मी ते पहिल्यांदा वाचायला घेतलं.

सातवं प्रकरण अण्णांच्या हाताचं आहे. प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच ती खाली येते, म्हणजे हात आत राहात नाही. काम भराभर निघावं म्हणून पहिल्या शिफ्टला काकांनी एक बटण दाबलेलंच राहावं अशी त्यात लाकडी पाचर ठोकली होती, आणि सुटताना काढायला विसरले. दुसऱ्या शिफ्टला त्या प्रेसवर अण्णा आले. उजव्या हाताने पत्रा सरळ करत होते, डावा सवयीने बटणावर पडला. काका अजून गेटवरच होते; ओरडा ऐकून परत आले आणि धावपळीत पाचर काढून खिशात टाकली. चौकशीत अण्णांचा निष्काळजीपणा ठरला आणि भरपाई बुडाली. "चूक माझी होती, विठ्ठल," असं काकांनी अण्णांना नावाने हाक मारून लिहिलंय, "समोर येऊन सांगायची छाती नाही."

अण्णा जन्मभर म्हणत राहिले, माझंच लक्ष नव्हतं. आई तेच ऐकवायची. मीही एकदा, दहावीत असताना, रागाच्या भरात म्हणालो होतो — तुमच्याच चुकीने आपले हे हाल झाले. ते खाली बघत राहिले होते.

अकरा पानांचं प्रकरण. वाचून दाखवायला अर्धा तास लागला असता. छापील असतं तर घरात कुठंतरी पडलं असतं, त्यांनी स्वतःच चाळलं असतं. तेही मीच होऊ दिलं नाही. मला लाज वाटते, आणि ती कमी होत नाही.

काका आता कासारवाडीला मुलीकडे राहतात. मी अधूनमधून जातो. त्यांना वाटतं, अण्णांनी ऐकलं आणि माफ केलं. गेल्या वेळी निघताना म्हणाले, "तुझ्या बापाचं मन लई मोठं. एवढं ऐकून पण, छान आहे म्हणाला."

मी हो म्हणालो.