पूर्वेकडची दारं

नकाशे करायला येऊन पेन्सिलीला हात न लावणारा माणूस मी जगात एकच पाहिला: आमच्या मावशीचा पाहुणा. अमेरिकेतल्या नावाहो लोकांपैकी. गावं कशी वसवावीत याचा पंडित. सत्तरच्या दशकात एका वादळात आमच्या बेटावरच्या मोंतान्य ब्लांश या गावातली घरं उडाली, तेव्हा तो सल्ला द्यायला आमच्या सरकारी कचेरीत आला आणि हॉटेल सोडून थेट मावशीच्या पत्र्याखाली राहिला. नाव विचारलं की आधी आईचं कूळ सांगे, मग बापाचं, मग दोन्ही आजोबांचं, नाव शेवटी. भेटेल त्याला पूर्वजांचं कोकणातलं गाव विचारणारी मावशी तिथेच विरघळली. पण प्रश्न विचारला की तो इतका वेळ गप्प बसे, की चहा गार होई. "आयो, ह्यो मालाद हाय काय रं? पानी दे त्याला!" तो आजारी आहे असं वाटून मावशी घाबरून म्हणे. बोट दाखवणं त्याच्याकडे असभ्य, म्हणून तो ओठ पुढे काढून दिशा दाखवी. पहिल्याच दिवशी त्याने असं दुकान दाखवलं, तर समोरची शेजारीण पदर सावरत घरात पळाली.

त्याच कचेरीत मी नकाशे काढायचो, नव्या घरांचा नकाशा माझा होता. सगळी दारं रस्त्याकडे, म्हणजे पश्चिमेला. तो नकाशा घेऊन पाहुणा मला दुभाष्या करून घरोघर फिरला. एकच प्रश्न, "सकाळी कुठे बसता?" सगळ्यांचं उत्तर एकच: दारात, उन्हाला. परतल्यावर त्याने नकाशा माझ्या टेबलावर ठेवला. शेवटी मीच मंजूर नकाशा खोडून दारं पूर्वेला फिरवली. साहेबांना न विचारता! माझी नोकरी कच्ची होती आणि बायकोला सातवा महिना.

कचेरीचे साहेब गावात मावशीच्या दारापाशी आले ते नकाशा फडकावतच. "हे कोणी केलं?"

"मी," म्हणालो.

"मग उद्यापासून येऊ नका."

मी पाहुण्याकडे पाहिलं. बोल ना बाबा, आता तरी बोल! साहेब मोटारीकडे वळले, तेव्हा तो इंग्रजीत सावकाश म्हणाला, "माझ्या आजीलाही सरकारनं घर दिलं. दार रस्त्याकडे. तिनं त्यात मेंढ्या बांधल्या. म्हणून मी हे शिकलो." आणि मावशीकडे ओठ पुढे काढले.

साहेब चक्रावले. "तिला विचारा म्हणतात," मी कसंबसं सांगितलं.

दार रस्त्याकडे ठेवलं तर त्या घरात जाणार का, असं साहेबांनी बेटाच्या क्रेओल बोलीत विचारलं. मावशी क्रेओलमध्ये कडाडली, "मो पा पु आले!" मग माझ्याकडे वळून, "सांग त्याला, रस्त्याकडं दार आसल तर मी नाय जानार. शेरडं बांध म्हनावं त्यात."

मी ते साहेबांना सांगितलं; पाहुण्याची मेंढ्यांची गोष्ट इंग्रजीत होती, आणि मावशीला इंग्रजीचा एक शब्द कळत नव्हता. साहेबांनी मोटारीच्या बॉनेटवर नकाशा ठेवून सही केली. माझी नोकरी वाचली.

पाहुणा आपल्या लोकांत परतला, तिथेच घरं बांधू लागला. त्याचं एक पत्र आलं. उत्तर लिहायचं माझ्याकडून राहून गेलं, ते अजून सलतं. मावशी आता खूप म्हातारी झाली, तरी रोज सकाळी दारात उन्हाला बसते. घर कुणी बांधलं, असं कुणी विचारलं तर ती बोट दाखवत नाही. तो गेला त्या रस्त्याकडे ओठ पुढे काढते, आणि हातातला चहा गार होऊ देते.