परत कुठे सोडणार?

आम्ही सिंगापूरला आलो तेव्हा आमच्या घरात मासे तळायची परवानगी नव्हती. घर म्हणजे दुसऱ्याच्या फ्लॅटमधली एक खोली. घरमालकिणीने खोली दाखवतानाच सांगितलं होतं, "लाइट कुकिंग ओन्ली." म्हणजे भात शिजवा, नूडल्स करा, अंडी उकडा. फोडणी नाही, तळण नाही, वास सुटेल असं काहीच नाही. आम्ही रत्नागिरीकडचे, समुद्राला लागून असलेल्या गावचे. आई बांगड्याला हळद, मीठ, कोकम लावायची आणि राइस कुकरच्या वरच्या जाळीत वाफवायची. बाबा तो मुकाट्याने खायचे. धाकटी बहीण एकदा म्हणाली, "हा मासा आजारी आहे." आई हसली, आणि मग बाथरूममध्ये गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

बाबा दहावी नापास. तरुणपणी जहाजावर वायपर म्हणून लागले. इंजिन रूममध्ये सांडलेलं तेल पुसायचं, तेच काम. त्यातून शिकत शिकत फिटर झाले. वर्षातले बरेच महिने समुद्रावर, आणि आम्ही गावी. मग इथल्या एका जहाज दुरुस्तीच्या यार्डात नोकरी मिळाली, आणि थोड्या वर्षांनी आम्हालाही आणता येईल असा पास, म्हणजे इथे राहायचा परवाना, मिळाला. आईचं शिक्षण सातवी. त्या खोलीत आम्ही चौघं. एक पलंग, एक गादी, एक इस्त्रीचं टेबल. त्या इस्त्रीच्या टेबलावर मी अभ्यास केला, सेकंडरी स्कूलची पहिली तीन वर्षं.

हॉकी मी आवडीने घेतली असं सांगायला बरं वाटलं असतं. इथे शाळेत प्रत्येकाला एखादा खेळ किंवा छंद घ्यावाच लागतो. माझ्या वर्गातल्या भारतीय मुली हॉकीला गेल्या म्हणून मी गेले. तिथे कळलं की स्टिक आपली आपण आणायची. गोलकीपरचं मात्र सगळं सामान शाळेचं: पॅड, हेल्मेट, ग्लोव्ह, स्टिकसुद्धा. मी हात वर केला. खेळाच्या बाईंना वाटलं, मुलगी धीट आहे.

गोलकीपरच्या पॅडमध्ये फोम असतो. तो घाम पितो, पाऊस पितो आणि दोन दिवसांत असा वास मारतो की विचारू नका. एकदा मी पॅड घरी आणून खिडकीबाहेरच्या बांबूवर वाळत घातले. घरमालकीण नाकाला रुमाल लावून खोलीच्या दारात आली. "मासे नको म्हटलं तर तुम्ही हे काय वाळत घातलंय?" खोली सोडायला लागते की काय, अशी वेळ आली. त्यानंतर आई पॅड घेऊन इमारतीखालच्या मोकळ्या जागेत जायची, बाकावर ठेवायची आणि शेजारी बसून भाजी निवडायची. येणाऱ्या-जाणाऱ्या म्हाताऱ्या बायका विचारायच्या, हे काय? आई सांगायची, "डॉटर. हॉकी." इतकं इंग्रजी तिला पुरायचं.

पुढे बाबा यार्डात सुपरवायझर झाले आणि आम्ही आख्खा फ्लॅट भाड्याने घेतला. पहिल्या दिवशी आईने सगळ्या खिडक्या उघड्या टाकून सुरमई तळली. मी युनिव्हर्सिटीत फिजिओथेरपीला लागले. आमच्या दोन्ही घराण्यांत कॉलेजची पायरी चढलेलं कुणी नव्हतं. बाबांनी यार्डात पेढे वाटले, म्हणजे पेढे मिळाले नाहीत म्हणून लाडू वाटले.

गोलकीपर म्हणून मी तोवर चांगलीच झाले होते. हे मी स्वतःच सांगते, कारण खरं आहे. तिसरं वर्ष संपताना आमची टीम मलेशियात एका स्पर्धेला गेली. तिथे युरोपातल्या एका क्लबची माणसं आली होती. परत आल्यावर ईमेल आलं. त्यांची गोलकीपर जखमी झाली होती. नवा मोसम सुरू व्हायच्या आत त्यांना दुसरी हवी होती. पगार, राहायला खोली, आणि तिथल्या मोठ्या लीगमध्ये खेळायचं. सोबत कॉन्ट्रॅक्ट जोडलेलं. उत्तर येत्या शुक्रवारपर्यंत. माझं शेवटचं वर्ष बाकी होतं.

बाबा कामावरून आले तसे बूट न काढताच माझा फोन घेऊन बसले. त्यांचा चेहरा इतका खुललेला मी कधी पाहिला नव्हता. मग त्यांनी कॉन्ट्रॅक्ट उघडलं आणि सरळ शेवटच्या पानावर गेले. बाबा कुठलंही कॉन्ट्रॅक्ट शेवटून वाचतात. जहाजावरच्या माणसांची ही सवयच. पगार तर सगळेच पुढे लिहितात. काम संपलं, हात-पाय मोडले किंवा कंपनीला तुम्ही नकोसे झालात, तर तुम्हाला कुणाच्या खर्चाने कुठे पोहोचवणार, हे मागे असतं.

"परत कुठे सोडणार?" बाबांनी विचारलं.

"कुणाला?"

"तुला गो. साइन-ऑफ झाल्यावर. काम संपून उतरल्यावर."

"बाबा, हे जहाज नाही. क्लब आहे."

"क्लब तर क्लब. माणूस नेतायत ना? मग परत कुठे सोडणार ते लिहायला नको?"

बहिणीने कानातला इअरफोन काढला. "सिंगापूर, ऑब्विअसली लाह! ताई, जस्ट गो!"

लिहिलेलं होतं. मायदेशाचं परतीचं तिकीट. बाबांनी ते दोनदा वाचलं. माझा पासपोर्ट भारताचा आहे. "म्हणजे मुंबई," बाबा म्हणाले आणि फोन खाली ठेवला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. एकवीस वर्षांची होईपर्यंत मी बाबांच्या पासवर इथे राहत होते. एकविसाव्या वर्षी तो आधार संपतो. तेव्हापासून मी स्टुडंट पासवर होते. कॉलेज आहे तोवर पास, पास आहे तोवर आई-बाबांच्या घरात माझी गादी. मला हे माहीत नव्हतं असं नाही. पण इतके दिवस त्याकडे बघायची वेळ आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी युनिव्हर्सिटीच्या ऑफिसात गेले. काउंटरवरची मुलगी माझ्याच वयाची असेल, बोलायला फार गोड. वर्षभराची रजा मिळू शकेल, ती म्हणाली, पण पास रद्द होईल. परत यायचं तर बाहेरून नव्याने अर्ज. शिवाय शेवटच्या वर्षी हॉस्पिटलातल्या पोस्टिंगच्या, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या, जागा मोजक्या असतात, त्या पुढच्या बॅचला जातील.

"पण जागा राहील ना?" मी विचारलं.

"मला तसं सांगता येणार नाही," ती म्हणाली. तिने हे चार वेळा तरी सांगितलं असेल, कारण मी तेवढ्या वेळा विचारलं.

संध्याकाळी सरावात मी साधे साधे गोल खाल्ले. आमच्या कोच म्हणजे इथल्याच एक तमिळ बाई, साठीच्या पुढच्या, टोपी कधी न काढणाऱ्या. त्यांनी मला बाजूला बोलावलं.

"बॉल बघतेस की भिंत बघतेस?"

मी सगळं सांगितलं.

"जा," त्या म्हणाल्या. "मला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. तुला विचारलंय."

"वर्षभर थांबायला सांगू त्यांना?"

"सांग. आणि ते दुसरी शोधतील." मग माझ्या पायांकडे बघून म्हणाल्या, "तुझ्या गुडघ्यांचं पुढे काय होणार, ते तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. त्याच विषयाची आहेस तू. पण घाबरून नाही म्हणू नकोस. गोलमध्ये घाबरतेस तेव्हा तू अर्ध्यावर थांबतेस. पुढे तरी ये नाहीतर रेषेवर तरी राहा. अर्ध्यावर थांबलीस तर मी तुला बाहेर बसवणार."

मी क्लबच्या मॅनेजरला फोन केला. वर्षभर थांबाल का? तो माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "आमची गोलकीपर आत्ता जखमी आहे, पुढच्या वर्षी नाही." शुक्रवार तो शुक्रवारच.

त्या आठवड्यात माझी हॉस्पिटलातली पोस्टिंग चालू होती, शहरातल्या नोव्हेना भागात. अर्धांगवायूनंतर उभं राहायला शिकणाऱ्या एका आजोबांना मी कमरेच्या पट्ट्याने धरून उभं करत होते. माझं लक्ष भलतीकडे गेलं आणि पट्टा सैल पडला. त्यांना ते लगेच कळलं. "तूच पडशील," ते म्हणाले. माझ्या वरिष्ठ बाई पलीकडून बघत होत्या. मी पट्टा पुन्हा घट्ट धरला. क्लबच्या साइटवर माझ्या जागेचा फोटो होता, गोलच्या मागे उंच झाडं असलेलं मैदान. तो मी इतक्यांदा बघितला की डोळे मिटले तरी दिसायचा. मला जायचं होतं. कुणालाही वाटेल त्यापेक्षा जास्त जायचं होतं.

घरात मला कुणीतरी अडवावं असं वाटत होतं, आणि कुणीच अडवत नव्हतं. आईला विचारलं तर म्हणाली, "मला नको विचारू. मी जा म्हटलं आणि तुझं काही झालं तर माझ्या डोक्यावर, नको म्हटलं तर जन्मभर माझ्या डोक्यावर."

गुरुवारी बाबा लवकर घरी आले. एकदम खुशीत. आई ओट्याशी कोळंबी सोलत होती, मी टेबलाशी, बहीण सोफ्यावर.

"काम झालं!" बाबा म्हणाले. "गावी फोन केला होता. तुझा काका म्हणतो, खुशाल येऊ दे. माडीवरची खोली मोकळीच आहे. कॉन्ट्रॅक्टमध्ये मुंबई असली तरी पुढे गावापर्यंत मी बघतो. आता कर सही."

"काकाकडे जाऊन मी काय करू?"

"काय करू म्हणजे? साइन-ऑफ झालं की पुढचं कॉन्ट्रॅक्ट येईपर्यंत राहायचं. मी नाही उतरायचो तिथे? वर्षानुवर्षं त्याच घरात उतरलो."

आईने हात धुतले नाहीत. तशीच वळली. "अहो, तुम्ही उतरायचात तेव्हा तिथे मी होते. ही उतरेल तेव्हा तिथे कोण आहे?"

बाबांनी खांद्यावरची बॅग खाली ठेवली. आई थांबली नाही.

"तुमची धाकटी इथे, तुमची बायको इथे. ही तिथे त्या माडीवर बसून कुणाची वाट बघणार? पुढच्या जहाजाची?"

कोळंबीचं पाणी तिच्या बोटांवरून लादीवर ठिबकत होतं. बहीण आता मोबाइल बघत नव्हती. बाबा खुर्चीत बसले आणि बुटाची लेस सोडायला लागले. गाठ सुटेना. शेवटी मी खाली बसून सोडली.

बाबांनी जे केलं ते प्रेमाने केलं, यात मला शंका नाही. त्यांच्या आयुष्यात कॉन्ट्रॅक्ट म्हणजे जायचं, यायचं, परत जायचं. मधे टेकायला घर असतं हे त्यांनी गृहीत धरलं होतं, कारण ते नेहमी होतं. माझं तसं नव्हतं. हॉकी एका मोसमात संपू शकते, एका गुडघ्याने संपू शकते. ती संपल्यावर पाय टेकायला माझी स्वतःची जागा हवी होती, कुणाच्या पासवरची नाही, कुणाच्या माडीवरची नाही. ती मिळवायचा एकच रस्ता मला दिसत होता, आणि त्याचं एक वर्ष बाकी होतं.

मग स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून मी क्लबला 'नाही' असं लिहिलं. छोटंसं. आभार मानले. पाठवलं. मग बहिणीला म्हटलं, "झालं." ती म्हणाली, "ताई, यू शुअर?" मी म्हटलं, "आता विचारून काय उपयोग?"

बाबा माझ्याशी शनिवारपर्यंत बोलले नाहीत. शनिवारी आमची त्या मोसमातली शेवटची मॅच होती. मला वाटलं नव्हतं ते येतील. आले, आणि नेहमीसारखे माझ्या गोलच्या मागे जाळीला चिकटून उभे राहिले. शेवटी शेवटी समोरच्यांना पेनल्टी कॉर्नर मिळाला. मी पुढे धावले, पूर्ण, अर्ध्यावर न थांबता. मागून बाबांचा आवाज आला, "डावीकडे गो!" बॉल डाव्या पॅडवर आदळला आणि बाहेर गेला. तरी आम्ही एका गोलने हरलोच. आधी खाल्लेला गोल माझ्याच खात्यातला होता.

घरी येताना पॅडची पिशवी बाबांनी खांद्यावर घेतली. MRT मध्ये, म्हणजे इथल्या मेट्रोत, गर्दी होती. पिशवीच्या वासाने आजूबाजूची माणसं हळूहळू सरकली. बाबा म्हणाले, "बघ, बसायला जागा झाली." मैदानावरची ती हाक सोडली तर गुरुवारनंतरचं पहिलं वाक्य.

त्या क्लबने दुसरी मुलगी घेतली. तिच्या मॅच मी ऑनलाइन बघते. चांगली खेळते. काही बॉल मी अडवले असते असं वाटतं, आणि काही तिने अडवलेले मला जमले नसते. मला पुन्हा कुठल्या क्लबने विचारलं नाही.

पदवीदान समारंभाला आई नऊवारी नेसून आली. बाबांनी सर्टिफिकेट हातात घेतलं आणि पहिल्यांदा उलटून पाठीमागे बघितलं.

"मागे काही नाही?"

"नाही बाबा."

"मग बरं आहे," म्हणाले, आणि तेव्हा कुठे पुढची बाजू वाचायला लागले. सावकाश, माझं नाव बोटाखाली धरून.

प्रोफेशनल हॉकी मी कधी खेळले नाही. रविवारी इथल्या एका क्लबसाठी गोलमध्ये उभी राहते आणि पॅड स्वतःच्या बाल्कनीत वाळवते. आमच्या दोन्ही घराण्यांतली मी पहिली पदवीधर. नोव्हेनाच्या हॉस्पिटलात मी फिजिओथेरपिस्ट आहे, आणि इथे राहायचा माझा पास माझ्या स्वतःच्या नोकरीवर आहे.