थंड खोलीतला आकडा

"म्हातारं झालं म्हणून कुणी घराबाहेर काढतं का?" गोटीराम तात्या कडाडले.

"तात्या, आपण लॅपटॉपबद्दल बोलतोय," सून भाग्यश्री म्हणाली. "घरांचे आराखडे काढायचं काम घरबसल्या मिळतंय मला. हा मध्येच अडकून बसतो. सोमवारी नमुना वेळेत गेला नाही, तर काम दुसऱ्या कुणाला देतील."

"काम तर कराच तुम्ही. पण तपासल्याबिगर टाकायचा नाय."

मखमलाबादच्या मळ्यात झेंडू-शेवंती पिकवणाऱ्या तात्यांची ही खोडच. विहिरीवरची मोटार असो की मिक्सर, स्वतः पुन्हापुन्हा चालवून बघितल्याशिवाय ते कशालाच निकामी म्हणत नसत.

"बरं झालं, मला बघायला एकदाच आले होते," तात्यांच्या बायको कुसाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

भाग्यश्रीच्या नवऱ्याने, ललितने, प्रोसेसरचा वेग मोजणारी चाचणी लावली. आकडा कमीच आला.

"परत लाव."

आणखी कमी.

"परत."

त्याहून कमी. तात्यांचा चेहरा पडला. ललितच्या कॉलेजसाठी हा लॅपटॉप त्यांनीच आणला होता, फुलांच्या रिकाम्या पाटीत गोणपाट अंथरून. ओरखडा पडू नये म्हणून कुसाबाईंनी तेव्हापासून त्याच्याखाली गोधडीची घडी ठेवली होती, आणि ती काढायचं कुणाच्याच मनात आलं नव्हतं.

भाग्यश्रीने खालून हात लावला आणि झटकन मागे घेतला. "केवढा तापलाय! गोधडीनं हवेची भोकं बुजलीत. तापला की प्रोसेसर आपणच वेग कमी करतो. मीही मेली रोज अशीच वापरत होते."

"मग सावलीत न्या की त्याला," म्हणत तात्यांनी लॅपटॉप उचलला आणि मागच्या खोलीत नेला. जाड भिंती, खिडकीला ओलं गोणपाट. बाजारात जायची फुलं इथे मुक्काम करायची, आणि तात्यांखेरीज इथे कुणी फिरकायचं नाही. त्यांनी एक क्रेट पालथा घातला, त्यावर फळी ठेवली आणि फळीवर लॅपटॉप.

जरा निवल्यावर ललितने चाचणी लावली. आकडा पहिल्यापेक्षा कितीतरी वर गेला. भाग्यश्रीने आपला सगळ्यात मोठा आराखडा उघडला, फिरवला, पुन्हा फिरवला. कुठे अडकला नाही.

"होईल यावर," ती म्हणाली. मग तिने एकावर एक रचलेल्या फुलांच्या क्रेटकडे पाहिलं. पाय ठेवायलाही जागा नव्हती.

तात्यांनी शेवंतीच्या एका क्रेटवरचं ओलं फडकं सारखं केलं. बाहेर येऊन पायात चपला घातल्या.

"उद्यापासून फुलं बाहेरच्या ओट्यावर राहतील," त्यांनी घरात सांगितलं. "त्या खोलीत भाग्यश्री बसंल."